मेहतराचा वेश चालला, मेहतर चालला नाही

मुंबई पोलिसांचा इतिहास सांगताना एक किस्सा मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. चार्ल्स फोर्जेट हा 1855 साली मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख झाला. मिश्र वंशाचा, इथेच जन्मलेला, इथल्या भाषा घरच्यासारख्या बोलणारा आणि वेशांतरात पटाईत. गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टनने त्याला आव्हान दिलं, माझ्या पहाऱ्यातून माझ्यापर्यंत पोचून दाखव. पहारा कडक करण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्जेट गव्हर्नरच्या झोपण्याच्या खोलीत उभा होता, मेहतराच्या वेशात.

इंग्रजांना यात फोर्जेटची हुशारी दिसली. आपल्याकडचे लेखकही तीच री ओढत आले. आम्हाला मात्र यात वेगळाच प्रश्न दिसतो. त्याने मेहतराचाच वेश का घेतला? शेटजी, फकीर, सरदार यांपैकी कोणीही झाला असता, तर फाटकावरच अडवला गेला असता. मेहतराला कोणी अडवत नाही. कारण त्याच्याकडे कोणी बघतच नाही. ज्याला शिवायचं नाही त्याची झडती कोण घेणार? फोर्जेटने पहारेकऱ्यांना फसवलं नाही, त्यांच्या डोक्यातली जातव्यवस्था वापरली. हेरगिरीच्या कामी ही व्यवस्था किती उपयोगी आहे हे त्याला बरोबर कळलं होतं.

फोर्जेट येण्याआधी मुंबईत काय होतं, तेही पाहू. सतराव्या शतकात ऑन्जिअरने भंडाऱ्यांची पलटण उभारून रात्रीच्या पहाऱ्याला सुरुवात केली. पुढे बंदर वाढलं, कापूस आणि अफू यांचा पैसा आला, आणि पैशामागे लुटारूही आले. कोटाच्या आत गोरे आणि बडे व्यापारी. बाहेर डोंगरी, माझगाव, माहीम, नारळीच्या वाड्या आणि मधलं रान. रात्री तिथे दिवा नाही, रस्ता नाही. खाडी ओलांडून साष्टीकडून सशस्त्र टोळ्या यायच्या, घर लुटायच्या आणि पहाटेआधी निघून जायच्या. चोरीचा माल विकत घेणारे मात्र शहरातच राहायचे. टोळी बाहेरची असली तरी तिचं गिऱ्हाईक आतलं होतं, ही गोष्ट त्या काळच्या सरकारी कागदांत कोपऱ्यात पडून राहते.

आणि पोलीस? जेम्स टॉड हा मुंबईचा लेफ्टनंट ऑफ पोलीस 1790 साली भ्रष्टाचाराच्या प्रकरणात गेला. वीस वर्षांनी, 1810 साली, पोलीस सुपरिटेंडेंट चार्ल्स ब्रिस्को याच्यावरही भ्रष्टाचाराचाच खटला झाला. त्याच सुमारास मुंबईचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. पोलीस अधिकारी रीतसर खटल्याशिवाय, स्वतःच्या मर्जीने लोकांना बेटावरून हद्दपार करत होते. हे लोक कोण होते? ज्यांच्या बाजूने उभं राहायला कोणी शेट नव्हता ते. ‘तडीपार’ हा शब्द आज आपल्या वस्त्यांना चांगला पाठ आहे. त्याची मुंबईतली मुळं ही अशी दोनशे वर्षं खोल आहेत.

फोर्जेटने खात्यातले लाचखोर हाकलले, दरोडे आणि चोऱ्या आटोक्यात आणल्या, हे मान्य करू. 1857 साली सोनापुरातल्या शिपायांच्या गुप्त बैठकी त्याने भिंतीला भोक पाडून पाहिल्या, आणि त्या वर्षी 15 ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिलं गेलं. शहरातल्या व्यापाऱ्यांनी फोर्जेटला पैशाची थैली अर्पण केली. ताडदेवला त्याच्या नावाचा रस्ता अजून आहे. पोलीस कोणाची तिजोरी राखत होते, हे थैली देणाऱ्यांकडे बघून कळतं. 1864 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 8 लाखांच्या वर गेली होती. त्यातला बहुसंख्य माणूस चाळीत, झोपडीत, गोदीत होता. त्याच्याकडे लुटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याची सुरक्षा हा विषयही नव्हता.

आता वर्दीकडे येऊ. मुंबईचा शिपाई प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातला मराठा असे. हे खात्याने अभिमानाने लिहून ठेवलं आहे. त्याच रत्नागिरीतला महारही मुंबईत आला, पण गोदीत, रेल्वेत, झाडूकामात. तो लढवय्या नव्हता म्हणून? कंपनीच्या मुंबई सैन्यात महार पिढ्यान् पिढ्या होता. दापोलीला महार पेन्शनरांची वस्ती होती, सुभेदार रामजी निवृत्तीनंतर तिथेच राहिले. गावात चोराचा माग काढणं, रात्री गस्त घालणं, खजिना पोचवणं ही तर महाराचीच वतनी कामं. पोलिसाचं सगळं काम तो बलुत्यावर, भाकरतुकड्यावर करत होता. पगार आणि पट्टा द्यायची वेळ आली की तो अस्पृश्य ठरायचा. 1892 च्या सुमारास सैन्याचे दरवाजेही बंद झाले, आणि गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर जवानाला अर्ज घेऊन सरकारचे उंबरठे झिजवावे लागले.

वर्दी जातीवर मिळत होती, तसा गुन्हाही जातीवर लागत होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला, 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्याआधी 1908 साली मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांनी इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर पुस्तक काढलं. त्यात पारधी, कैकाडी, भामटे, रामोशी अशी जातवार प्रकरणं आहेत. टॉड आणि ब्रिस्को यांच्या जातीवर प्रकरण नाही. साहेबाने खाल्लं तर तो एकटा बदनाम, पारध्याने कोंबडी चोरली तर त्याच्या पोटातलं मूलही नोंदीत!

काहीजण म्हणतील, इंग्रजांनी तर आपल्याला न्याय दिला, मग ही टीका कशाला? इंग्रजांच्या राज्यात शाळेचं आणि कोर्टाचं दार किलकिलं झालं, हे खरंच आहे. पण पोलीस ठाण्यात इंग्रजाने मनूची वर्गवारी तशीच उचलली, कारण ती स्वस्त पडत होती.

बाबासाहेबांनी हे अचूक हेरलं होतं. 29 मे 1928 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात शिक्षणाच्या मागणीबरोबरच सैन्य, आरमार आणि पोलीस यांत मुक्त भरतीचा हक्क मागितला आहे. त्यातच आणखी एक मागणी आहे, जिच्याकडे आपल्या चळवळीचंही फारसं लक्ष जात नाही. प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्यांमधलाच एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमावा. शिपायाच्या नोकऱ्यांवर बाबासाहेब थांबले नाहीत. फिर्याद लिहून घेणारा आणि तपास करणारा हात त्यांना हवा होता, कारण गावात मार खाल्लेल्या माणसाचं प्रकरण ठाण्यातल्या पहिल्या कागदावरच मरतं, हे त्यांना ठाऊक होतं.

खैरलांजीचा तपास आठवा. मग आपापल्या जिल्ह्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका आणि विचारा, किती ठाण्यांचे प्रभारी अधिकारी अनुसूचित जातीचे आहेत, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे तपास कोणाकडे दिले जातात. अर्जाला 10 रुपये लागतात.