#थ्रेड : अल्झायमरच्या मेंदूतील तंतू आणि १११ वर्षांचे वाचन

१/११
बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागद मोलाचा, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा. तो केवळ दफ्तरखान्यापुरता नाही. मेंदूतील काही तंतूंची खरी घडण कळण्यास १११ वर्षे लागली, आणि तेथेही अखेर हाच नियम कामास आला.

२/११
२५ नोव्हेंबर १९०१. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर दाखल झाल्या. स्मरण ढासळलेले, पतीविषयी संशय. स्वतःचे नाव लिहावयास सांगितले, तर तेही पुरे होईना. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी आपले प्रश्न आणि त्यांची उत्तरे केसपेपरात टिपून ठेवली.

३/११
८ एप्रिल १९०६ रोजी त्या निवर्तल्या. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी मेंदू तेथे मागवला. चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या कापांत पेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते दिसले. कित्येक ठिकाणी पेशी नष्ट झाली होती, गुंता तेवढा उरला होता.

४/११
३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. गुंता कशाचा, हे मात्र प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सांगता येण्यासारखे नव्हते.

५/११
१९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि मतभेदही आला. अमेरिकेत रॉबर्ट टेरी यांना पीळ पडलेल्या नळ्या दिसल्या; ब्रिटनमध्ये मायकेल किड यांना एकमेकांभोवती वळलेले दोन तंतू दिसले, दर ८० नॅनोमीटरला अरुंद होणारे. साधन एक, वाचने दोन. पुढे किड यांचे वाचन टिकले.

६/११
तंतू कोणत्या द्रव्याचा? १९७५ साली प्रिन्स्टनमध्ये डुकराच्या मेंदूतून ‘टाऊ’ हे प्रथिन वेगळे केले गेले. पेशीतील सूक्ष्मनलिकांच्या बांधणीस मदत करणे, हे त्याचे काम. १९८८ साली केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत मिशेल गोडर्ट, क्लॉड विशिक, ॲरन क्लूग आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या मेंदूतील तंतूंचा गाभा तपासला. तो टाऊचाच निघाला.

७/११
आता प्रश्न उरला आकाराचा. मेंदूतून तंतू काढणे कष्टाचे. म्हणून १९९६ पासून टाऊमध्ये हेपारिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते) मिसळून परीक्षानळीतच तंतू घडवण्याची रीत रूढ झाली. दिसायला तसेच, मिळायला सोपे. वर्षानुवर्षे अभ्यास या नकलेवर चालला. ही झाली बखर.

८/११
जुलै २०१७. त्याच प्रयोगशाळेत गोडर्ट, श्योर्स शेरेस आणि सहकाऱ्यांनी ७४ वर्षांच्या एका मृत रुग्णेच्या मेंदूतील तंतू गोठवून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. टाऊच्या ४४१ अमिनो आम्लांपैकी ३०६ ते ३७८ या क्रमांकांची आम्ले इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी दुमडून थरावर थर रचलेली होती. असे दोन ‘सी’ जोडून एक तंतू होतो. किड यांच्या दोन तंतूंना ५४ वर्षांनी अणूंच्या पातळीवर दुजोरा मिळाला.

९/११
२०१८ साली पिक विकाराने मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या मेंदूतही टाऊच होते, पण घडी निराळी. आणि २०१९ साली हेपारिनच्या तंतूंची पाळी आली. त्यांच्यात अनेक घड्या सापडल्या. अल्झायमर वा पिक, कोणत्याही अस्सल तंतूशी एकही जुळली नाही.

१०/११
हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. निदानासाठीचे रंजकद्रव्य किंवा औषधाचा रेणू तंतूच्या खाचेत बसावा लागतो. खाच नकलेची असेल, तर रुग्णाच्या मेंदूत तो निरुपयोगी ठरण्याचा धोका आहे. २०२२ साली याच गटाने हेपारिन वगळून, टाऊचा तुकडा वापरून, अल्झायमरची घडी परीक्षानळीत उतरवली. या वेळी नक्कल अस्सलाशी ताडून पाहिली होती. नक्कल वर्ज्य नाही. न ताडलेली नक्कल घातक.

११/११
डेटर यांचा हरवलेला केसपेपर १९९५ साली फ्रँकफुर्टमध्ये सापडला आणि एका विकाराच्या पहिल्या रुग्णेचा आवाज जगाला पुन्हा ऐकू आला. २०१७ च्या शोधनिबंधात मात्र रुग्णेचे केवळ वय आहे, नाव नाही. तसेच असायला हवे. पण या साऱ्या इतिहासाचे अस्सल साधन त्या दोघी होत्या. रचना कळली म्हणजे औषध मिळाले असे नाही. कोणत्या रचनेसाठी औषध शोधायचे, एवढे आता ठाऊक झाले आहे.

थ्रेड समाप्त.