उघड्या दाराचे राखणदार

राखणीसाठी एखादा दांडगा कुत्रा दारी असावा, असे अनेक कुटुंबांना वाटते. परक्याचे पाऊल फाटकापाशी वाजताच त्याने भुंकावे आणि घरच्यांचे रक्षण करावे, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा असते. परंतु ज्या कुत्र्यांना राखणीसाठी आणले, तेच पुढे परक्या माणसाच्या शोधात घराबाहेर पडू लागले, असा एक इतिहास आल्प्स पर्वतातील एका मठात घडला आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या सेवाकार्याचेच ते एक आगळे पान असल्याने आम्ही ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर 2,469 मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. रोमन काळी तेथे ज्युपिटर देवाचे मंदिर होते. पुढे उत्तर युरोपातून रोमकडे जाणारे यात्रेकरू याच वाटेने चालत. इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक यांनी 990 साली केलेल्या रोमयात्रेच्या नोंदीतही ही वाट आहे. मात्र या वाटेवर दोन शत्रू दबा धरून बसलेले असत: एक बर्फ आणि दुसरे लुटारू. आओस्ता येथील आर्चडीकन संत बर्नार्ड यांनी वाटसरूंचे हे हाल पाहिले व 1050 च्या सुमारास खिंडीच्या माथ्यावर एक आश्रयगृह उभारले. संत ऑगस्टिनच्या नियमाने राहणारे व्रतस्थ धर्मगुरू तेव्हापासून ते चालवीत आले आहेत. स्वतः गिर्यारोहक असलेले पोप अकरावे पायस यांनी 1923 साली संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

या आश्रयगृहात कुत्रे आले ते 1660 ते 1670 च्या दरम्यान, असे मानले जाते. खालच्या दऱ्याखोऱ्यांतील शेतकरी वाड्याची आणि गुरांची राखण करण्यासाठी थोराड जातीचे कुत्रे बाळगीत. त्यांतलेच काही वर आणले गेले. त्यामागचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. येणाऱ्या प्रत्येकाला आसरा देणे हे मठाचे ब्रीद असल्याने दार बंद ठेवणे शक्य नव्हते. उघड्या दारातून यात्रेकरू येई, तसा चोरही येई. म्हणून दार उघडेच ठेवून राखणदार नेमण्यात आला. सुमारे 1695 सालच्या एका चित्रात हे कुत्रे दिसतात. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका नोंदीवरून असेही कळते की, स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळई फिरवणारे चाक ओढण्याचे कामही त्यांच्याकडे होते. संन्याशांच्या घरी कोणीही रिकामा बसत नसे, असेच म्हणायचे!

सुमारे 1750 नंतर या कुत्र्यांच्या कामाला नवे वळण लागले. प्रवाशांना खिंड पार करून देण्यासाठी आश्रयगृहाकडे 'मारोनिए' म्हणून ओळखले जाणारे वाटाडे असत. ते कुत्र्यांना बरोबर नेऊ लागले. रुंद छातीचा कुत्रा पुढे चालला की ताज्या बर्फात पायवाट पडे. धुक्यात माणसाला चार हातांवरचेही दिसेनासे झाले, तरी कुत्रा घराची वाट चुकत नसे. आणि बर्फाखाली माणूस गाडला गेला असेल, तर त्याचा वास वरून ओळखून तो पंजांनी उकरू लागे. परक्याची चाहूल लागणे हा राखणदाराचा उपजत गुण. तोच गुण येथे परक्याला हाकलण्याऐवजी त्याला वाचवण्याच्या कामी आला.

त्यांना हे शिक्षण दिले कोणी? आश्रयगृहाची परंपरा सांगते की, धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी वेगळी शिकवणी अशी ठेवली नव्हती. तरुण कुत्रा जाणत्या कुत्र्यांबरोबर बाहेर जाई आणि त्यांचे पाहून शिके. दोन-तीन कुत्रे मिळून निघत. माणूस सापडला की एक त्याच्या अंगाला अंग लावून पडून राही, त्याला ऊब देई, तोंड चाटून त्याला जागे ठेवी. दुसरा मदत आणण्यासाठी माघारी धावे. रोजची वाट, रोजचा सोबती आणि मालकाचा प्रेमळ पण ठाम शब्द, एवढीच त्यांची शाळा होती.

या कुत्र्यांपैकी सर्वांत नामवंत बॅरी. त्याचा जन्म 1800 सालचा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेपोलियनने सुमारे चाळीस हजारांचे सैन्य याच खिंडीतून इटलीत उतरवले होते. बॅरीने चाळीसहून अधिक जीव वाचवले, असे सांगितले जाते. एकेचाळिसाव्या माणसाने त्याला लांडगा समजून ठार केले, ही करुण कथाही पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु ती खरी नाही. थकलेल्या बॅरीला 1812 साली बर्न शहरी नेण्यात आले आणि 1814 साली तेथेच त्याने देह ठेवला. पेंढा भरून जतन केलेले त्याचे शरीर तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. गळ्यातील ब्रँडीचे पिंपही असेच कल्पनेतले. एडविन लँडसीर या इंग्रज चित्रकाराने 1820 च्या आपल्या चित्रात ते रंगवले आणि तेव्हापासून ते लोकांच्या मनात घर करून बसले.

खरा इतिहास या कथांहून कठोर आहे. कुत्रा पोहोचेपर्यंत कित्येकांचा श्वास थांबलेला असे. खडकाळ, गोठलेल्या जमिनीत थडगे खणणे अशक्य, म्हणून आश्रयगृहाशेजारी अशा मृतांसाठी एक कोठडीच बांधलेली होती. 1816 ते 1818 या कडक हिवाळ्यांत अनेक कुत्रेही हिमकड्यांखाली गेले. वंश टिकवण्यासाठी 1830 च्या दशकात त्यांचा न्यूफाउंडलंड जातीशी संकर करण्यात आला. त्यातून लांब केसांची पिले निपजली. पण त्या केसांत बर्फाचे गोळे अडकू लागले. दिसायला देखणे, परंतु कामाला निरुपयोगी! तेव्हा अशी पिले खाली दरीतल्या लोकांना देण्यात आली.

याच सुमारास जगाला त्यांच्या रूपाची भुरळ पडली. हाइन्रिश शूमाखर या स्विस गृहस्थांनी 1855 पासून त्यांची पद्धतशीर पैदास केली. 1884 साली स्विस वंशावळीची नोंदवही सुरू झाली आणि 1887 साली या जातीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. प्रदर्शनांसाठी आकार वाढत गेला. बॅरीचे वजन 40 ते 45 किलो असावे. आजचा सेंट बर्नार्ड त्याच्या दीडपट वा त्याहूनही अधिक भरतो. कीर्ती वाढली, तशी चपळाई उणावली.

पुढे कामही उरले नाही. दोन शतकांत सुमारे दोन हजार माणसांचे प्राण वाचले, असे म्हणतात. त्यांतील शेवटची नोंद 1897 सालची, थंडीने गोठू लागलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाची. 1964 साली खिंडीखालून बोगदा खुला झाला. शोधकार्यासाठी हेलिकॉप्टर आले आणि त्यात सहज नेता येतील असे हलके कुत्रे आले. धर्मगुरूंची संख्या रोडावली होती आणि या थोराड प्राण्यांना वेळ देणे त्यांना जड जात होते. 2004 साली त्यांनी कुत्र्यांची जबाबदारी सोडण्याचे ठरवले व 2005 पासून मार्टिन्यी येथील बॅरी प्रतिष्ठानाने ती उचलली. हा निर्णय अनेकांच्या जिव्हारी लागला. पण व्रत घेतले होते ते वाटसरूंच्या सेवेचे. कुत्रे हे त्या सेवेतले सोबती होते. आश्रयगृहाचे दार आजही बाराही महिने उघडे असते. उन्हाळ्यात कुत्रे तेथे मुक्कामाला जातात. एरवी त्यांतील काहींना वृद्धाश्रमांतील आणि आजारी माणसांच्या भेटीसाठी शिकवून तयार करतात. बर्फाखाली नव्हे, तर एकाकीपणाखाली गाडलेल्यांजवळ आता ते अंग टेकून बसतात.

थोराड राखणदार जातीचा कुत्रा शिकवणे ही गंमत नव्हे, हे तो पाळणारा प्रत्येकजण जाणतो. त्याच्या अंगी बळ आहे, सावधपणा आहे; त्या बळाला वळण कोणते लागते, हे त्या घरच्या चालीरीतींवर ठरते. ज्या घराला परक्याची केवळ भीती वाटते, त्या घरचा कुत्रा भुंकायलाच शिकतो. संत बर्नार्डांच्या घरी वादळी रात्री धर्मगुरू स्वतः कंदील घेऊन परक्याला शोधायला निघत. कुत्र्यांनी रोज तेच पाहिले आणि तेही मागोमाग निघाले. आमच्या मते, मुलांच्या बाबतीतही याहून निराळा नियम नाही. आपण कोणासाठी दार उघडतो, हे ती पाहत असतात.