नाणे-खेळांच्या पेट्या : रूपांतर, जीर्णोद्धार आणि ‘मूळ’ ही कल्पना

नाणे टाकून खेळावयाची इलेक्ट्रॉनिक यंत्रे ही इतिहासाची साधने होत, असे म्हटले असता पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत ज्या वस्तूने अमेरिका व जपान येथील असंख्य लोकांचा फावला वेळ व्यापला, तिची साधनचिकित्सा करू नये, असे म्हणण्यास काही आधार दिसत नाही. नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांच्या ‘कॉम्प्युटर स्पेस’ (१९७१) पासून हा व्यापार सुरू झाला, ‘पाँग’ (१९७२) ने तो स्थिरावला आणि ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) ने त्याला पूर आणला. त्या काळच्या पेट्या आज खेळघरांतून उठून खाजगी घरांच्या तळघरांत व मोटारखान्यांत आल्या आहेत, आणि हौशी मंडळी त्या स्वहस्ते दुरुस्त करीत आहेत. दुरुस्ती म्हणजे पेटी मूळ स्थितीस नेणे, की तिच्या पोटात आधुनिक संगणक बसवून तिला नव्या उपयोगास लावणे, हा त्यांच्यातील जुना वाद आहे. येथे त्याचाच विचार करावयाचा आहे.

ह्या वादाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. प्रत्येक पेटी एका विशिष्ट खेळासाठी जन्मास आली व पुढील फेरफार म्हणजे तिला जडलेला दोष, असे मानले जाते. उपलब्ध इतिहास मात्र निराळेच सांगतो. निंटेंडो कंपनीच्या अमेरिकन शाखेने ‘रडार स्कोप’ ह्या खेळाची सुमारे ३००० यंत्रे जपानहून मागविली. ती समुद्रमार्गे पोहोचेपर्यंत खेळाची नवलाई ओसरली होती, आणि सुमारे २००० पेट्या गोदामात पडून राहिल्या. शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी आपले सासरे व कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांजकडे, त्याच पेट्यांत बसेल असा दुसरा खेळ मागितला. ते काम शिगेरू मियामोतो ह्या तरुण चित्रकाराकडे आले, आणि १९८१ साली ‘डाँकी काँग’ तयार झाला. वॉशिंग्टन राज्यातील गोदामात अराकावा, त्यांच्या पत्नी व मोजके सहकारी यांनी एकेक पेटी उघडून आतील सर्किट बोर्डांत फेरफार केले व बाहेरील चित्रे बदलली.

‘रडार स्कोप’च्या पेट्या तांबड्या होत्या, पुढे खास ‘डाँकी काँग’साठी बनविलेल्या पेट्या निळ्या आल्या. म्हणजे ज्या तांबड्या पेटीला संग्राहक आद्य प्रत समजून अधिक मोल देतात, ती वस्तुतः रूपांतरित प्रत होय. ‘मूळ’ ह्या शब्दाचा काटेकोर अर्थ घ्यावयाचा तर तिचे पुन्हा ‘रडार स्कोप’ केले पाहिजे. पण असे करावयास फारच थोडे तयार होतील.

हे उदाहरण अपवादात्मक नव्हे. ‘मिस पॅक-मॅन’ (१९८२) हा खेळ जुन्या ‘पॅक-मॅन’ यंत्रात बसवावयाच्या एका जोड-बोर्डातून निघाला. अमेरिकेतील १९८३ च्या मंदीनंतर नवी यंत्रे विकत घेणे चालकांना जड जाऊ लागले, आणि जुन्या पेटीत नवा खेळ भरण्याचे संच हाच धंद्याचा आधार झाला. १९८५ पासून जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ ह्या संघटनेने ५६ टोकांची एक समान जोडणी रूढ केली. वीज, आवाज, चित्र व जॉयस्टिक यांच्या तारा सर्व पेट्यांत ठरलेल्या क्रमाने येऊ लागल्या, आणि खेळ बदलणे म्हणजे बोर्ड ओढून दुसरा खुपसणे एवढेच काम उरले. ह्या जोडणीत प्रत्येक खेळाडूस प्रायः तीन बटणांचीच सोय होती. ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) ला सहा बटणे लागत. म्हणून जादा तारा ओढाव्या लागल्या व जुन्या पॅनेलांना नवी भोके पाडावी लागली. ती भोके आज आपणांस कालनिर्णयाचे उत्तम साधन पुरवितात.

ताम्रपटांच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित वाटू नये. जुना पत्रा ठोकून त्यावर नवे दानपत्र कोरलेले असले, तरी खालची अक्षरे कोठे कोठे उमटून दिसतात. पेटीचेही तसेच आहे. चालकाने बाजूवर फासलेला काळा रंग धीराने खरवडला असता त्याखाली कारखान्यातील चित्र निघते. मागील अनुक्रमांकाची पट्टी पहिल्या खेळाचे नाव सांगते. पॅनेलवरील लोखंडी पत्रा काढला की आधीच्या जॉयस्टिकची जागा कळते. तळाचे पार्टिकल बोर्ड फुगलेले असले, तर ती पेटी ओल्या फडक्याने रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर उभी होती, एवढे अनुमान करण्यास हरकत नाही.

१९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली, आणि घरगुती संगणकावर जुने खेळ जसेच्या तसे चालविणे शक्य झाले. त्यामुळे रूपांतराचे स्वरूप पालटले. चालकाचे रूपांतर थरावर थर चढवीत असे. आजचे रूपांतर पुष्कळदा पेटी पोकळ करते. तारांचा जुडगा, वीजपुरवठा व पिक्चर ट्यूब काढून टाकली जाते आणि सपाट पडदा बसतो. यंत्र बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये धोकादायक विद्युद्भार राहू शकतो, हे लक्षात घेता नवख्या माणसाची भीती समजण्याजोगी आहे. परंतु जे जाते ते किरकोळ नव्हे. ‘डाँकी काँग’च्या बोर्डाचे चित्र-संकेत इतरांच्या तुलनेने उलटे असत, आणि पडदाही त्यास अनुरूप असे, ही जोडी फुटली की दोहोंचा अर्थ हरवतो. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ (१९७९) मध्ये तर किरण पडद्यावर थेट रेषा ओढीत असे. ती झळाळी ठिपक्यांच्या पडद्यावर उतरत नाही, आणि ह्या यंत्रांसाठी तशा ट्यूब आता कोणी बनवीत नाही.

स्मारकांच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत दोन तत्त्वे सांगितली आहेत : तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि वास्तूत निरनिराळ्या काळी पडलेल्या ग्राह्य भरीचा मान राखावा. (जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव दगडावर तैलरंग फासण्याची आपल्याकडील रीत पाहता ही तत्त्वे येथेही अजून रुजावयाची आहेत.) दुसरे तत्त्व पेट्यांना लावले, तर १९९१ ची सहा भोके बुजविण्याचा आग्रह सोडावा लागतो. आमच्या मते घरगुती रूपांतर निषिद्ध ठरविण्याचे कारण नाही. मात्र ते उलटविता येईल असे असावे. जुन्या जोडणीच्या टोकालाच संगणक जोडणारे अनुकूलक मिळतात. त्यांमुळे एकही तार कापावी लागत नाही. काढलेला भाग फेकू नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे.

तथापि ‘हात लावू नये’ हाही सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ पासूनच्या ‘सीपी सिस्टिम २’ बोर्डांत आज्ञावली सांकेतिक लिपीत असे, आणि ती उलगडणारी किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेविली होती. बॅटरी संपली की बोर्ड निकामी. अशा वस्तूस न शिवता जपणे म्हणजे तिचा ठराविक मुदतीने अंत होऊ देणेच होय. ही संकेतपद्धती २००७ च्या सुमारास हौशी अभ्यासकांनीच उलगडली, आणि आता ती किल्ली बोर्डात पुन्हा भरता येते. मृत समजून फडताळात ठेविलेले कित्येक बोर्ड त्यामुळे परत चालू झाले आहेत. भंगारात गेलेले अर्थातच नाहीत.