गिटारवर ज्यांचे नाव नाही

जपानमध्ये बनलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारींना बरीच वर्षे ‘नक्कल’ हा एकच शब्द चिकटला होता. तो अगदीच खोटा नाही. पण तो शब्द उच्चारला की इतिहास तिथेच थांबतो, आणि ती नक्कल करणारे हात कोणाचे होते हा प्रश्न कोणी विचारत नाही.

नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात १९५१ साली मात्सुमोकू हा लाकूडकामाचा कारखाना सुरू झाला. शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या आणि टेबले ही त्याची भाकरी. सिंगर कंपनीशी त्याचा जवळचा व्यवहार होता. त्याच शहरात १९६० मध्ये फुजिगेन गाक्की उभी राहिली. जानेवारी १९६५ मध्ये ‘द व्हेंचर्स’ या अमेरिकी वाद्यवृंदाचा दौरा झाला आणि जपानी तरुणांना ‘एरेकी’चे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचे वेड लागले. मागणी वाढली, तसे पेट्यांवर घासलेले रंधे गिटारीच्या अंगावर फिरू लागले.

या गिटारी परदेशी गेल्या त्या मात्र दुसऱ्यांच्या नावाने. मात्सुमोकूच्या मालावर एरिया, युनिव्हॉक्स, एपिफोन अशी नावे असत; कारखान्याचे नाव शोधूनही सापडत नसे. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझ गिटारी विकणाऱ्या होशिनोच्या अमेरिकी कंपनीवर फिलाडेल्फियात दावा लावला. तक्रार होती गिटारीच्या माथ्याच्या आकाराबद्दल. दावा न्यायालयाबाहेर मिटला. पुढे १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच ‘फेंडर जपान’ सुरू केली आणि गिटारी बनवण्याचे काम फुजिगेनकडे दिले. ज्यांच्या कामाला नक्कल म्हणून हिणवले जात होते, त्यांच्याच हातांवर आता मूळ कंपनी विश्वास टाकत होती! मात्सुमोकू मात्र १९८७ मध्ये बंद पडली.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, अशी जुनी गिटार दुरुस्तीला घेताना हा इतिहास कामाची पद्धत ठरवतो. माझ्या हाताखाली असलेली गिटार १९७० च्या दशकातली आहे. माथ्यावर व्यापाऱ्याचे नाव. मागे दांडीच्या जोडावर चार स्क्रूंनी बसवलेली धातूची पट्टी, तिच्यावर ‘स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक’ आणि ‘मेड इन जपान’ एवढीच अक्षरे. कारागिरांची ओळख म्हणून एवढेच उरले आहे. नवी चकचकीत पट्टी बाजारात मिळते, पण ती बसवली तर हा कागद फाडल्यासारखे होईल.

म्हणून मी कामाचे दोन भाग करतो. पहिला दुरुस्तीचा. दांडी वाकली असेल तर आतल्या सळईचा नट एकदम न पिळता पाव फेरा फिरवून थांबायचे. लाकडाला वेळ लागतो. आवाजाचे बटण खरखरत असेल तर ते लगेच बदलायचे नाही, आत क्लीनर फवारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवायचे. बहुतेकदा तेवढे पुरते. पिकअपची तार तुटली आहे का, ते मल्टिमीटरने आधी पाहायचे. तार शाबूत असेल तर तो पिकअप ‘जुना’ आहे एवढाच त्याचा गुन्हा.

दुसरा भाग सुधारणेचा. सूर उतरत असेल तर नव्या खुंट्या लावायला माझी हरकत नाही. वाद्य वाजण्यासाठीच असते. अट एकच, त्या जुन्याच भोकांत बसाव्यात. गुणगुण कमी करण्यासाठी आतल्या पोकळीत तांब्याचा पत्रा चिकटवता येतो, तो उद्या काढताही येतो. लाकूड कोरून मोठा पिकअप बसवला, तर मागे फिरण्याची वाट राहत नाही. काढलेला प्रत्येक भाग मी पाकिटात घालून त्यावर तारीख लिहितो.

स्वस्त म्हणून हिणवलेल्या भागांची किंमत पुढे कशी बदलते, याचे उदाहरण राय कूडर यांचे. त्यांनी आपल्या फेंडरमध्ये जपानच्या टाइस्को गिटारीचा सोनेरी पत्र्याचा पिकअप बसवला, आणि ते पिकअप लोक शोधू लागले. त्यापायी कितीतरी टाइस्को गिटारी पोटातून रिकाम्या झाल्या.

कारागिराचे नाव आपण आता परत आणू शकत नाही. त्याच्या रंध्याची खूण पुसायची की नाही, एवढे मात्र आपल्या हातात आहे.