मोटारींचें कुलशील

वस्तु चांगली असणें वेगळें आणि ती चांगली म्हणून मानली जाणें वेगळें. धान्य, कापड, भांडीं या नित्याच्या जिनसांच्या बाबतींत हें अंतर फारसें जाणवत नाहीं, कारण तेथें उपयोग हीच कसोटी असते. परंतु दागिना, शालजोडी, अत्तर आणि मोटारगाडी यांची गोष्ट निराळी. त्या घेणारा वस्तूबरोबर थोडी प्रतिष्ठाहि घरीं नेत असतो. म्हणूनच मोटारींच्या इतिहासांत एक प्रश्न पुनः पुनः उभा राहिलेला दिसतो. ज्या कारखानदारानें सामान्य माणसाला परवडणारी गाडी लाखांनीं निर्माण केली, त्याला श्रीमंतांच्या पंक्तीला बसणारी उंची गाडी करतां येईल काय? आणि त्यानें ती केली, तर ती घेण्यास श्रीमंत त्याच्या दारीं येतील काय?

या प्रश्नाचा पहिला मोठा पडताळा हेन्री फोर्डच्या घरांतच पाहावयास मिळतो. १९०८ सालीं फोर्डनें आपली 'मॉडेल टी' ही गाडी ८५० डॉलरांना बाजारांत आणली. १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत त्यानें सरकत्या पट्ट्याची पद्धति सुरू केली. पूर्वीं गाडीचा सांगाडा जुळविण्यास साडेबारा तास लागत. तें काम आतां सुमारें दीड तासांत होऊं लागलें. किंमत उतरत उतरत तीनशें डॉलरांच्याहि खालीं आली, आणि १९२७ सालीं ही गाडी बंद झाली तोंपर्यंत तशा दीड कोटि गाड्या तयार झाल्या होत्या. शेतकरी, शिक्षक आणि कारकून यांना मोटारींत बसविणारा हा माणूस. पण ज्यांच्या गांठीं पैसा होता ते मात्र कॅडिलॅक आणि पॅकार्ड यांतून हिंडत.

कॅडिलॅकचा आणि फोर्डचा संबंध मोठा चमत्कारिक आहे. १९०२ सालीं भागीदारांशीं न पटल्यामुळें फोर्ड आपल्याच नांवाची एक कंपनी सोडून बाहेर पडला. तिच्या मालमत्तेची किंमत ठरविण्यासाठीं भागीदारांनीं हेन्री लीलंड नांवाच्या कुशल यंत्रकारास पाचारण केलें. कारखाना मोडूं नका, चालवा, असा सल्ला लीलंडनें दिला, आणि त्यांतूनच कॅडिलॅकचा जन्म झाला. लीलंड हा अचूकपणाचा उपासक होता. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणें सुट्या करण्यांत आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, आणि कोठेंहि कानस न लावतां त्या ढिगांतून पुनः तीन गाड्या जुळवून धांवविण्यांत आल्या. त्या दिवसापासून कॅडिलॅकच्या नांवाला जगांत वजन आलें.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ सालीं, लीलंड कॅडिलॅकमधून बाहेर पडला आणि विमानांचीं एंजिनें करण्यासाठीं त्यानें नवी कंपनी काढली. १८६४ च्या निवडणुकींत ज्याला त्यानें आपलें पहिलें मत दिलें होतें, त्या अब्राहाम लिंकनचें नांव त्यानें तिला दिलें. युद्धानंतर ही लिंकन कंपनी मोटारी करूं लागली. गाडी उत्तम होती; परंतु मंदी आली, कर्ज वाढलें आणि कारखाना न्यायालयाच्या ताब्यांत गेला. ४ फेब्रुवारी १९२२ रोजीं झालेल्या विक्रींत हेन्री फोर्डनें तो ८० लाख डॉलरांना घेतला. वीस वर्षांपूर्वीं फोर्डनें सोडलेल्या कारखान्यांतून लीलंडनें कॅडिलॅक उभी केली होती. आतां लीलंडचा कारखाना फोर्डच्या हातीं आला. ऐंशीच्या घरांत पोहोंचलेला तो वृद्ध आणि त्याचा पुत्र कांहीं दिवस तेथें राहिले, पण त्याच वर्षाच्या जून महिन्यांत त्यांना तेथून निघावें लागलें.

स्वस्त गाडीच्या राजानें उंची गाडीचा कारखाना घेतला खरा; पण त्याचें मन तेथें रमणारें नव्हतें. रमलें तें त्याचा एकुलता एक मुलगा एडसेल याचें. एडसेलला आकृतीची आणि रंगसंगतीची उपजत नजर होती. बापाच्या अवाढव्य व्यवहारांत त्याच्या शब्दाला फारसा मान नव्हता. लिंकनच्या बाबतींत मात्र त्याला कांहींसा मोकळा हात मिळाला. ब्रन, जडकिन्स, लबॅरन यांसारख्या नामांकित कारागिरांकडून त्यानें गाडीचें वरचें अंग बांधवून घेतलें. १९३९ सालीं स्वतःच्या उपयोगासाठीं त्यानें एक लांबट, ठेंगणी, डौलदार गाडी करवून घेतली आणि ती फ्लॉरिडांत नेली. पाहणाऱ्यांनीं तशीच गाडी मागितली, आणि लिंकन कॉन्टिनेन्टल जन्मास आली. १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें आठ मोटारी कलाकृति म्हणून मांडल्या, तेव्हां त्यांत या गाडीला स्थान मिळालें. तें पाहण्यास एडसेल राहिला नव्हता. १९४३ सालीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, तो वारला होता.

या पहिल्या अनुभवांतून दोन गोष्टी दिसून येतात. फोर्डनें उंची गाडी आपल्या नांवानें न विकतां लिंकनच्याच नांवानें विकली. आणि त्या नांवाला घरांत एक जिव्हाळ्याचा माणूस होता तोंवर तें उजळत गेलें. पुढें १९५५ सालीं फोर्ड कंपनीनें सुमारें दहा हजार डॉलर किंमतीची कॉन्टिनेन्टल काढली. प्रत्येक गाडीमागें कंपनीला तोटाच झाला आणि १९५७ सालीं ती बंद करावी लागली. पैसा होता, कारागिरी होती. धीर मात्र पुरला नाहीं.

दुसरा पडताळा जपानचा. १९५७ सालीं टोयोटा कंपनीनें आपली क्राउन ही गाडी अमेरिकेंत नेली. तेथील महामार्गांच्या वेगापुढें तिचा टिकाव लागला नाहीं, आणि थोड्याच वर्षांत ती त्या बाजारांतून काढून घ्यावी लागली. मग टोयोटानें लहान, काटकसरी आणि न बिघडणाऱ्या गाड्यांवर आपला जम बसविला. तो इतका बसला कीं, १९८१ पासून अमेरिकेकडे जाणाऱ्या जपानी गाड्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यांत आली. गाड्यांची संख्या वाढवितां येत नसेल, तर प्रत्येक गाडीचें मोल वाढविलें पाहिजे, हा हिशेब उघड होता. ऑगस्ट १९८३ मध्यें कंपनीचे प्रमुख एजी टोयोडा यांनीं आपल्या निवडक सहकाऱ्यांपुढें प्रश्न ठेविला: जगांतील उत्तमोत्तम गाडीशीं स्पर्धा करील अशी गाडी आपणांस करतां येईल काय?

उत्तर देण्यास सहा वर्षें लागलीं. सुमारें १,४०० इंजिनियर त्या कामीं लागले, नमुन्याच्या साडेचारशें गाड्या तयार करून झिजविण्यांत आल्या, आणि खर्च १०० कोटि डॉलरांच्या वर गेला. मुख्य इंजिनियर इचिरो सुझुकी यांनीं परस्परविरोधी वाटणाऱ्या अटी एकत्र बांधल्या. गाडी वेगवान हवी, तरीहि पेट्रोल कमी खाणारी हवी. शांत हवी, तरीहि हलकी हवी. आवाज दाबण्यासाठीं जाड अस्तर घालण्याऐवजीं तो ज्या भागांत उत्पन्न होतो तो भागच अधिक अचूक घडवावा, असें त्यांचें धोरण होतें. लीलंडनें ब्रुकलंड्सला जें दाखविलें, तेंच हें तत्त्व ऐंशी वर्षांनीं दुसऱ्या देशांत पुनः अवतरलें. शिवाय १९८५ सालीं कंपनीचीं माणसें कॅलिफोर्नियांत जाऊन राहिलीं. श्रीमंत कुटुंबें कशीं राहतात, गाडींत कोण कोठें बसतें, दुकानांत त्यांना कशाचा वीट येतो, हें त्यांनीं निरखून पाहिलें.

गाडी तयार झाली, आणि मग कंपनीनें सर्वांत कठीण निर्णय घेतला. तिच्यावर टोयोटाचें नांव घालावयाचें नाहीं, आणि टोयोटाच्या दुकानांत ती ठेवावयाची नाहीं. लेक्सस हें नवें नांव, नवीं दुकानें, नवे विक्रेते. सप्टेंबर १९८९ मध्यें 'एल एस ४००' अमेरिकेंत विक्रीस आली. तिची मूळ किंमत ३५ हजार डॉलर, म्हणजे त्या तोलाच्या जर्मन गाड्यांहून हजारों डॉलरांनीं कमी होती. चालू एंजिनावर काचेच्या पेल्यांची उतरंड रचून ती ढळत नाहीं, असें दाखविणारी तिची जाहिरात पुष्कळांच्या स्मरणांत राहिली.

परंतु खरी परीक्षा पेल्यांची नव्हती. पहिल्या तीन महिन्यांतच दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या. एका गाडींत वेग स्थिर राखणारी कळ अडकली, दुसरींत मागच्या ब्रेकच्या दिव्याचा दोष निघाला. डिसेंबर १९८९ मध्यें कंपनीनें तोंपर्यंत विकलेल्या सुमारें ८,००० गाड्या दुरुस्तीसाठीं बोलाविल्या. नव्या नांवाचा येथें सहज अंत झाला असता. पण विक्रेत्यांचीं माणसें ग्राहकांच्या घरीं गेलीं, गाड्या घेऊन आलीं, दुरुस्त केल्या, धुतल्या, पेट्रोल भरून परत पोहोंचविल्या. आणि हें सारें सुमारें वीस दिवसांत आटोपलें. जी गोष्ट नामुष्कीची व्हावयाची तीच कीर्तीची झाली. १९९१ सालीं अमेरिकेंत परदेशी उंची गाड्यांच्या विक्रींत लेक्सस पहिली आली. कुळ नव्हतें, शीलानें तें मिळवून दिलें. जुन्या नांवांचा अभिमान बाळगणाऱ्या युरोपांत मात्र लेक्ससला तसें यश लाभलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

तिसरा पडताळा जर्मनींतील फोक्सवागेनचा. या नांवाचा अर्थच मुळीं 'लोकांची गाडी' असा आहे. फर्डिनांड पीएख यांच्या आग्रहानें या कंपनीनें २००२ सालीं फेटन ही उंची गाडी काढली. बाहेर ५० अंशांची उष्णता असतांना गाडी ताशीं ३०० किलोमीटर वेगानें दिवसभर धांवावी आणि आंत मात्र २२ अंशांचा गारवा राहावा, अशी पीएख यांची अट होती. ड्रेस्डेन शहरांत भिंतींच्या जागीं कांचा असलेला कारखाना तिच्यासाठीं बांधला गेला. तेथें लाकडी फरसबंदीवर पांढऱ्या पोषाखांतील कामगार गाड्या जुळवीत. जाणत्यांनीं गाडीची वाखाणणी केली. पण तिच्या तोंडावर चिन्ह होतें फोक्सवागेनचें, आणि दुकानांत ती उभी राहिली लहान, स्वस्त गाड्यांच्या शेजारीं. २००६ सालीं ती अमेरिकेंतून मागें घेण्यांत आली, आणि २०१६ सालीं, सुमारें ८४ हजार गाड्या निघाल्यावर, कायमची बंद झाली.

'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' अशी आपल्याकडे म्हण आहे. फेटनचें दैव उलटें. हातीं सोन्याचा वाळा, पण नांव साधें. म्हणून कोणी वाळ्याकडे पाहिना. याचा पुरावा त्याच घरांत सांपडतो. फोक्सवागेननें १९९८ सालीं इंग्लंडची बेंटली कंपनी घेतली होती. फेटनच्याच पायावर २००३ सालीं बेंटली कॉन्टिनेन्टल जी टी ही गाडी तयार झाली. तिची किंमत कितीतरी अधिक, आणि तरीहि ग्राहकांनीं ती उचलून धरली.

मग नांव विकत घेतलें कीं काम झालें, असें कोणी म्हणेल. त्यावर पुनः फोर्डचाच इतिहास उत्तर देतो. टोयोटानें लेक्सस बाजारांत आणली त्याच १९८९ सालीं फोर्ड कंपनीनें सुमारें २५० कोटि डॉलर देऊन जॅग्वार घेतली. म्हणजे टोयोटानें नवें नांव आणि गाडी घडविण्यास जो खर्च केला, त्याच्या दुपटीहून अधिक. २००० सालीं लँड रोव्हरहि घेतली. परंतु २००१ सालीं निघालेली लहान जॅग्वार ही फोर्डच्याच मॉन्डिओच्या पायावर उभी आहे, ही गोष्ट ग्राहकांपासून लपली नाहीं. घेतलेलें नांव घरखर्चाला वापरूं लागलें कीं तें झिजतें. २००८ सालीं हीं दोन्ही नांवें फोर्डनें २३० कोटि डॉलरांना टाटा मोटर्सला विकलीं.

आणि टाटा तरी कोण? १९९८ सालीं पुण्याजवळच्या कारखान्यांतून सामान्य कुटुंबासाठीं इंडिका काढणारे, आणि त्याच २००८ सालच्या जानेवारींत लाख रुपयांची नॅनो दाखविणारे. फोर्डला जें साधलें नाहीं तें यांस काय साधणार, असें पुष्कळांनीं म्हटलें. टाटांनीं जॅग्वारवर आपलें नांव घातलें नाहीं, तिला इंडिकेच्या दुकानांत बसविलें नाहीं, इंग्लंडांतले कारखाने आणि कारागीर राहूं दिले, भांडवल पुरविलें आणि वाट पाहिली. कंपनी तगली, आणि २०११ पासून पुण्याजवळ लँड रोव्हरच्या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर होकारार्थी आहे. पण तो होकार सशर्त आहे. सामान्यांची गाडी करणाऱ्यास उंची गाडी घडवितां येते. हातांची आणि यंत्रांची अडचण कधींच नव्हती. अडचण आहे ती मनाची. आपलें लाडकें नांव बाजूस ठेवण्याइतका विनय, तोट्याचीं वर्षें सोसण्याइतका धीर, आणि दोन ग्राहकांच्या तक्रारीवरून आठ हजारांच्या दारीं जाण्याइतकी लाज ज्याच्यापाशीं असेल, त्याच्यासाठीं तो दरवाजा उघडतो. लीलंडनें ज्या कारखान्यावर लिंकनचें नांव घातलें, तो ८० लाख डॉलरांना विकतां आला. पण त्या नांवाचा मान एडसेलला स्वतःच्या जिव्हाळ्यानेंच वाढवावा लागला.