कर्डक, वामन तबाजी

(१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४). आंबेडकरी चळवळीतील लोकप्रिय कवी, गीतकार व गायक. ‘वामनदादा’ या नावाने ते महाराष्ट्रभर परिचित होते. त्यांचा जन्म नासिक जिल्ह्यातील देशवंडी (ता. सिन्नर) येथे झाला. बालपणी त्यांना शालेय शिक्षण मिळाले नाही. उपजीविकेसाठी मुंबईस आल्यावर त्यांनी मोलमजुरी केली. एकदा कोणी पत्र वाचून दाखविण्यास सांगितले असता आपली निरक्षरता त्यांना तीव्रतेने जाणवली. त्यानंतर त्यांनी देहलवी नावाच्या शिक्षकांकडून मुळाक्षरे शिकून घेतली.

१९४३ मध्ये हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचलेल्या एका विडंबनगीताने त्यांच्या काव्यलेखनास प्रारंभ झाला. गीताद्वारे प्रबोधन करण्याची परंपरा नासिक परिसरास नवी नव्हती. काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची धर्मांतरघोषणा (१९३५) यांच्या काळात याच जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसे गाजविले होते. जलशात संवाद, नाट्य व गीते यांचा संच असे. वामनदादांनी त्यांतील गीत स्वतंत्रपणे पुढे नेले. पेटी व ढोलकीच्या साथीने ते गावोगावी, वस्त्यावस्त्यांतून स्वतःची पदे गात. आंबेडकरांचे कार्य, १९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्धविचार, त्याचप्रमाणे श्रमिकांचे दैन्य, विषमता आणि चळवळीतील फाटाफूट हे त्यांच्या गीतांचे प्रमुख विषय होत.

बोलीतील साधे शब्द, सहज गुणगुणता येणारी चाल आणि टाळी घेणारे ध्रुपद यांमुळे ही गीते अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांनाही मुखोद्गत झाली. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांत इतर गायकही ती गाऊ लागले. मात्र या प्रसाराबरोबर रचनाकार मागे पडण्याचा धोका होता. मौखिक परंपरेत गीत गाणाऱ्याचे होते, रचणाऱ्यास मोबदला मिळतोच असे नाही आणि पाठही बदलत जातो. संतांच्या अभंगांतील नाममुद्रेप्रमाणे अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफण्याची त्यांची पद्धत या दृष्टीने महत्त्वाची ठरते. ही मुद्राच अनेक गीतांच्या कर्तृत्वाची साक्ष होय.

त्यांची रचना काही हजारांच्या घरात असल्याचे मानले जाते. तिचा मुद्रित भाग त्या मानाने थोडा आहे. वाटचाल (१९७३), मोहळ (१९७६) व हे गीत वामनाचे (१९७७) हे त्यांचे गीतसंग्रह होत. माझ्या जीवनाचं गाणं (१९९६) हे त्यांचे आत्मकथन. वर्धा येथील पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे (१९९३) ते अध्यक्ष होते. मुद्रित साहित्याच्या इतिहासाने त्यांची दखल उशिरा घेतली. श्रोत्यांनी ती अर्धशतक आधीच घेतली होती. नासिक येथे त्यांचे निधन झाले. विखुरलेल्या गीतांचे संकलन व पाठनिश्चिती हे कार्य महत्त्वाचे आहे. कारण ज्या गायकांच्या व श्रोत्यांच्या स्मरणात ती टिकून आहेत, ती पिढी आता वृद्ध झाली आहे.