पुन्हा एकदा सिद्ध करा

सरकारी तिजोरीवर बोजा वाढला की राज्यकर्त्यांची नजर प्रथम कोठे वळते, हा इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमीच कुतूहलाचा विषय वाटतो. बहुधा ती अशा खर्चाकडे वळते, की ज्यावर जगणारा माणूस मोर्चा घेऊन दारात येऊ शकत नाही. अमेरिकेसारखा धनाढ्य देशही याला अपवाद नाही. तेथील अपंग निर्वाहवेतनाचा इतिहास वाचताना (आपल्या सरकारी कागदांवर आता 'दिव्यांग' हा शब्द आला आहे; पण ज्या काळाविषयी लिहायचे त्या काळाचा शब्द 'अपंग' असल्याने तोच येथे ठेवतो) पैशाचे आकडे मोठे दिसतात, वादही आकड्यांचाच चाललेला दिसतो. परंतु त्या आकड्यांच्या खाली एक जुना प्रश्न दडलेला आहे. पुरावा कोणी द्यायचा? आणि किती वेळा?

गोष्ट सुरू होते ती अमेरिकन यादवी युद्धापासून. १८६२ च्या जुलैमध्ये लिंकनच्या कारकिर्दीत कायदा झाला आणि युद्धात निकामी झालेल्या सैनिकाला, तसेच मृत सैनिकाच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन लागू झाले. पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. हात गेला, पाय गेला, डोळा गेला. पुरावा अंगावरच होता. पुढे १८९० च्या कायद्याने ही अट सैल केली. अपंगत्व युद्धातच आलेले असले पाहिजे असे राहिले नाही. नव्वद दिवस सैन्यात काढलेला आणि आता अंगमेहनत न जमणारा कोणीही जुना सैनिक पात्र ठरला. १८९३ पर्यंत वेतनधारकांची संख्या नऊ लाखांवर गेली, आणि संघराज्याच्या उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के रक्कम या एकाच कारणासाठी जाऊ लागली. युद्ध संपून जवळजवळ तीन दशके लोटली होती, हे येथे लक्षात घ्यावे. जखमा काही वाढल्या नव्हत्या. माजी सैनिकांची मते मोलाची होती आणि रिपब्लिकन पक्ष ती जपत होता. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १८८७ मध्ये अशाच आशयाचे विधेयक नाकारले, आणि एकेका व्यक्तीसाठी मंजूर झालेली विधेयके तर शेकड्यांनी परत पाठवली. १८८८ च्या निवडणुकीत ते पडले. पराभवाला जकातीच्या वादासारखी इतरही कारणे होती. पण राजकारण्यांनी घ्यायचा तो बोध घेतला.

या प्रकरणाची एक अढी मात्र अमेरिकन सुशिक्षितांच्या मनात कायमची बसली. अपंगत्वाच्या नावाने पैसा वाटू लागले की लबाडांचे फावते, ही ती अढी. थीडा स्कॉचपोल या विदुषींनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात तिचा पुढील धोरणांवर झालेला परिणाम दाखवला आहे. १९३५ साली रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेचा प्रसिद्ध कायदा केला, त्यात वृद्धांसाठी निवृत्तिवेतन आले, पण काम करता करता अपंग झालेल्या माणसासाठी विमा आला नाही. त्याला आणखी एकवीस वर्षे लागली. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचा कडवा विरोध होता. १९५६ मध्ये सिनेटमध्ये वॉल्टर जॉर्ज यांची दुरुस्ती ४७ विरुद्ध ४५ अशा काठावरच्या मतांनी मंजूर झाली आणि १ ऑगस्टला आयसेनहॉवर यांनी सही केली. विरोधकांची समजूत पटावी म्हणून कायद्याला कुंपणे फार घातली होती. वय पन्नासच्या वर हवे, सहा महिने थांबायला हवे, आणि अपंगत्व असे हवे की कोणतेच उपजीविकेचे काम करता येऊ नये. अपुरे अपंगत्व या कायद्याला मान्यच नव्हते.

कुंपणे हळूहळू मागे सरकली. १९६० मध्ये वयाची अट गेली. १९६५ मध्ये 'अनिश्चित काळ टिकणारे' या शब्दांऐवजी 'किमान बारा महिने टिकणारे' असे झाले. खर्च वाढू लागताच १९६७ मध्ये व्याख्या पुन्हा आवळली गेली, आणि ते कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. अर्जदाराला जमेल असे काम देशाच्या अर्थव्यवस्थेत असले म्हणजे पुरे; ते त्याच्या गावाजवळ आहे की नाही, जागा रिकामी आहे की नाही, मागायला गेल्यास कोणी त्याला ठेवून घेईल की नाही, हे पाहायचे नाही! पाठ मोडलेल्या हमालाला 'बसून करायचे काम देशात पुष्कळ ठिकाणी असते, ते तुम्हांला जमेल' असे सांगून परत पाठवावे, तसला हा प्रकार. या कलमाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

१९७० च्या दशकात खर्चाने उसळी घेतली. १९७० मध्ये निर्वाहवेतन घेणारे अपंग कामगार सुमारे १५ लाख होते, ते १९७८ पर्यंत २९ लाखांच्या जवळ गेले. वाटपाची रक्कम १९७० मध्ये ३ अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती दहा वर्षांत १५ अब्जांवर पोचली. याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. १९७२ मध्ये काँग्रेसने वेतन एका झटक्यात २० टक्क्यांनी वाढवले, पुढे ते महागाईशी जोडले, आणि जोडताना गणिताची अशी चूक केली की महागाई दोनदा मोजली जाऊ लागली. ती १९७७ मध्ये दुरुस्त झाली. त्याच १९७२ साली अपंगांना दोन वर्षांनंतर सरकारी आरोग्यविमाही मिळू लागला. मंदीत कारखाने बंद पडले, तेव्हा दुखऱ्या गुडघ्याने कसेबसे काम रेटणारा माणूस प्रथम बाहेर फेकला गेला. हे सारे निर्णय काँग्रेसचे किंवा काळाचे. तरी वर्तमानपत्रांत चर्चा चालली ती लबाडांची. लबाड नव्हतेच असे कोणी म्हणणार नाही; ते सर्वत्र असतात. पण खर्च पाचपट व्हायला लबाड पुरत नाहीत.

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे व्हर्जिनिया राज्यातील एल्ड्रिज नावाच्या माणसाचा खटला आला. १९६८ मध्ये मंजूर झालेले त्याचे वेतन १९७२ मध्ये बंद झाले होते. वेतन तोडण्यापूर्वी समक्ष सुनावणी द्यायला हवी, एवढेच त्याचे म्हणणे. १९७६ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ते फेटाळले. अपंगत्वाचा निर्णय वैद्यकीय कागदांवर होतो, सुनावणी नंतर मिळाली तरी चालेल, असा बहुमताचा विचार. भिन्नमतपत्रिकेत न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहून ठेवले आहे की, मधल्या काळात एल्ड्रिजच्या घरावर जप्ती आली, सामानसुमान उचलून नेले गेले आणि नवरा, बायको, मुले यांना एकाच बिछान्यावर झोपावे लागले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात, तो प्रशासकीय कार्यपद्धतीची कसोटी म्हणून. बिछान्याचा उल्लेख तळटीपेइतकाच उरला आहे.

आता मुख्य प्रकरण. जून १९८० मध्ये कार्टर यांनी एका दुरुस्तीवर सही केली. ज्यांचे अपंगत्व कायमचे नाही त्यांची दर तीन वर्षांनी फेरतपासणी करावी, सुरुवात जानेवारी १९८२ पासून. यात वावगे काही नाही. आपल्याकडे निवृत्त माणूस दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतोच. मार्च १९८१ मध्ये सरकारच्या लेखापरीक्षण खात्याचा अहवाल आला: पाचांतील एक लाभार्थी अपात्र असावा आणि त्यापायी वर्षाला दोन अब्ज डॉलर वाया जातात, असा त्याचा अंदाज. नुकतेच सत्तेवर आलेले रेगन सरकार काटकसरीच्या शोधात होते. त्यांनी तीच संधी साधून ठरल्या मुदतीच्या दहा महिने आधी, मार्च १९८१ मध्येच तपासणी सुरू केली.

खरी मेख तपासणीच्या पद्धतीत होती. माणसाची प्रकृती सुधारली आहे काय, हा प्रश्नच विचारला जात नव्हता. त्याचा अर्ज जणू आजच प्रथम आला आहे असे धरून ताज्या कागदांवर, नव्या निकषांनी निर्णय व्हायचा. दहा वर्षांपूर्वी सरकारनेच पात्र ठरवलेला माणूस प्रकृतीत तसूभर फरक पडला नसताना अपात्र ठरू शकत होता. बहुतेक निर्णय समोरासमोर न पाहताच झाले. तीन वर्षांत सुमारे ४ लाख ९० हजार लोकांना वेतन तोडल्याच्या नोटिसा गेल्या. अपिलात सुमारे दोन लाखांना ते परत मिळाले. ज्या छाननीतले इतके निकाल फिरतात तिला छाननी म्हणावे काय, हा प्रश्न वाचकांनीच सोडवावा.

सर्वाधिक मार बसला तो मनोरुग्णांना. यादीत त्यांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास. कपातीत ते एक चतुर्थांशाहून अधिक निघाले. अपील करायला फॉर्म भरावा लागतो, तारीख लक्षात ठेवावी लागते, पत्र उघडावे लागते. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या माणसाला नेमके हेच जमत नाही. शिवाय खात्याने एक अंतर्गत दंडक लावला होता: आजारांच्या ठरावीक सूचीत न बसणारा मनोरुग्ण साधे अकुशल काम करू शकतो असे गृहीत धरावे. हा दंडक कोठेही प्रसिद्ध केलेला नव्हता. न्यूयॉर्क शहराने खटला भरला तेव्हा तो उघडकीस आला. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सरकारच लपवाछपवी करत असेल तर मुदत टळल्याचा दोष रुग्णावर टाकता येणार नाही.

लोकमत फिरवले ते मात्र एका सैनिकाने. रॉय बेनाविडेझ हे व्हिएतनाम युद्धातील सार्जंट. २ मे १९६८ रोजी स्वतः घायाळ असताना साथीदारांना वाचवल्याबद्दल फेब्रुवारी १९८१ मध्ये खुद्द रेगन यांनी त्यांना देशाचे सर्वोच्च शौर्यपदक दिले. दोन वर्षांनी त्याच सरकारने त्यांना कळवले की तुम्ही काम करण्यास समर्थ आहात. जून १९८३ मध्ये ते हाऊसच्या समितीपुढे आले आणि आपल्यासारख्या इतरांसाठी बोलले. त्यांचे वेतन चालू राहिले. ज्यांच्या छातीवर पदक नव्हते, त्यांच्यासाठी मात्र न्यायालयांना झगडावे लागले. प्रांतोप्रांतीची अपील न्यायालये 'सुधारणा झाल्याचे दाखवा' म्हणत होती आणि खाते 'हा निकाल त्या एका माणसापुरता' म्हणून बाकीच्यांना जुन्याच मापाने मोजत होते. शेवटी राज्येच उठली. तपासणीचे काम प्रत्यक्षात राज्यांचे कर्मचारी करत असत. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, आर्कान्सा अशा राज्यांच्या गव्हर्नरांनी (तेथील गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या राज्यपालांसारखा नव्हे) कपात थांबवली. १९८४ च्या वसंतापर्यंत निम्म्याहून अधिक राज्यांत, कोठे गव्हर्नरांच्या तर कोठे न्यायालयांच्या आदेशाने, ही मोहीम बंद किंवा लंगडी पडली होती, आणि एप्रिलमध्ये केंद्रानेच तिला स्थगिती दिली.

सप्टेंबर १९८४ मध्ये सुधारणा विधेयक हाऊसमध्ये ४०२ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ९९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाले. ९ ऑक्टोबरला रेगन यांनी सही केली. त्यातले कळीचे कलम एकच. एकदा दिलेले वेतन तोडायचे, तर काही ठरावीक अपवाद सोडून, प्रकृतीत वैद्यकीय सुधारणा झाल्याचे आधी दिसले पाहिजे. एकदा सिद्ध केलेले पुन्हा मुळापासून सिद्ध करण्याचे ओझे रुग्णाच्या डोक्यावरून उतरले.

खर्च त्यानंतर थांबला नाही. अपंग कामगारांची संख्या २०१४ मध्ये ८९ लाखांच्या पुढे गेली. १९८४ चा कायदा ढिला होता असे पुष्कळ जण म्हणतात आणि त्यात थोडे तथ्य आहे. पण युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी पन्नाशी-साठीत आली होती, स्त्रिया नोकरीत आल्याने त्याही विम्याच्या कक्षेत आल्या होत्या, निवृत्तीचे वय वाढले होते, आणि २००८ ची मंदी होती. ती पिढी निवृत्त होऊ लागली तशी संख्या उतरू लागली. २०२३ अखेर ती सुमारे ७४ लाखांवर आली. निधी दोनदा आटत आला तेव्हा, १९९४ मध्ये आणि २०१५ मध्ये, काँग्रेसने वृद्ध-वेतनाच्या करातला वाटा इकडे वळवून वेळ निभावली.

आणि ते १९६७ चे कलम? देशात कोठेतरी असलेली कामे दाखवायची तर कामांची यादी हवी. त्यासाठी श्रमखात्याचा व्यवसायकोश वापरला गेला. त्याची शेवटची सुधारित आवृत्ती १९९१ सालची. सुक्यामेव्यातील दाणे निवडणारा असली कामे त्यात होती, आणि एकविसाव्या शतकातही तीच नावे सांगून 'हे तुम्हांला जमेल' म्हणत अर्ज फेटाळले जात होते. २०२४ च्या जूनमध्ये खात्याने अशी कालबाह्य ११४ कामे यादीतून काढून टाकली.